जुनी वस्तू, नवी भेट

डिसेंबर सरत आला की दिल्लीची सकाळ धुक्यात उगवते आणि संध्याकाळ शेकोट्यांच्या धुरात मावळते. याच दिवसांत नाताळ येतो. गोल डाकखान्याजवळचे सेक्रेड हार्ट कॅथीड्रल दिव्यांनी उजळते आणि ते पाहण्यासाठी सर्व धर्मांचे लोक रांगा लावतात. काश्मिरी दरवाज्याजवळचे सेंट जेम्स चर्च त्याहून पुष्कळ जुने, १८३६ सालचे. ते बांधणारा जेम्स स्किनर तरुणपणी शिंद्यांच्या फौजेत चाकरीला होता. तेव्हा दिल्लीचा नाताळ मराठी माणसाला अगदीच परका म्हणता येणार नाही. अलीकडे तर तो ख्रिस्ती घरांच्या उंबरठ्याबाहेरही आला आहे. कचेऱ्यांतून चिठ्ठ्या टाकल्या जातात, ज्याच्या वाट्याला ज्याचे नाव येईल त्याने त्याला गुपचूप भेट द्यायची, असा खेळ होतो आणि खान मार्केटपासून कॅनॉट प्लेसपर्यंतची दुकाने रंगीत कागदात गुंडाळलेल्या खोक्यांनी भरून जातात.

या गर्दीत एक साधा प्रश्न पुष्कळांच्या मनात डोकावून जातो. घरातली कपाटे भरलेली आहेत. मुलांची न फाटलेली स्वेटरे त्यांना आखूड झाली आहेत, वाचून झालेली पुस्तके फळीवर धूळ खात आहेत, चांगली चाललेली सायकल जिन्याखाली पडून आहे. असे असताना भेट म्हणून नवी वस्तूच का आणावी? असलेलीच एखादी चांगली वस्तू पुसून, दुरुस्त करून, प्रेमाने दिली तर काय बिघडले? प्रश्न मनात येतो आणि बहुधा तिथेच विरतो. 'जुनी' या शब्दापाशी हात अडखळतो. घेणाऱ्याला काय वाटेल? त्याला आपला अपमान झाला असे तर वाटणार नाही?

ही अडखळ खोटी नाही. ती कोठून आली हे नीट पाहिले, तरच जुन्या वस्तूची भेट केव्हा शोभते आणि केव्हा सलते हे कळू शकेल.

वस्तुतः मराठी घराला जुन्या वस्तूचे वावडे कधीच नव्हते. नव्याने जन्मलेल्या बाळाच्या अंगाला पहिला स्पर्श होतो तो जुन्या कापडाचा. आजीचे धुऊन धुऊन मऊ झालेले लुगडे फाडून त्याची बाळंती आणि दुपटी करावयाची, अशी आपल्याकडची रीत आहे. नवे कापड बाळाच्या कातडीला बोचते, हे त्यातले व्यवहारज्ञान आणि आजीच्या मायेत नातवंड गुंडाळले जाते, ही त्यातली भावना. गोधडीचेही तेच. तिच्यात आईचे पातळ असते, वडिलांचे धोतर असते, थोरल्या बहिणीचा परकर असतो आणि ती पांघरणाऱ्याला घरच्या साऱ्या माणसांची ऊब एकदम मिळते. थोरल्याचा सदरा धाकट्याला, शेजारच्या मुलाची गेल्या वर्षीची क्रमिक पुस्तके जूनमध्ये आपल्या मुलाला, असा व्यवहार कित्येक पिढ्या निःसंकोच चालत आला. त्यात कोणाची मान खाली गेली नाही.

मग तोच सदरा घरच्या मोलकरणीच्या मुलाला दिला की तिच्या चेहऱ्यावर कृतज्ञतेबरोबरच एक सावली का सरकून जाते? कापड तेच, शिवण तीच. फरक पडला तो देणारा आणि घेणारा यांच्यामधल्या अंतराने. घरात थोरल्याने धाकट्याला दिले तेव्हा दोघे एका पंक्तीला बसणारे होते. उद्या धाकटाही थोरल्याला काही देऊ शकेल, हे दोघेही जाणून होते. येथे मात्र वस्तू एकाच दिशेने वाहते, वरून खाली. तिच्याबरोबर न बोललेले एक वाक्यही खाली येते : जे आम्हांला नको झाले, ते तुम्हांला पुरेसे आहे.

हे वाक्य आपल्या देशात फार जुने आहे. किंबहुना ते नियम म्हणून लिहून ठेवलेले आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सेवा करणाऱ्या शूद्राला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत, असे सांगितले आहे. त्याच अध्यायात गावाबाहेर राहणाऱ्यांनी प्रेतांवरची वस्त्रे नेसावीत, असेही आहे. येथे जुने वस्त्र ही भेट नाही, ती पायरी दाखविणारी खूण आहे. कोणी कोणाचे टाकलेले नेसावे यावरून कोण कोठे उभा राहणार हे ठरत असे.

या नियमाला महाराष्ट्राने दिलेले उत्तर नाताळच्याच दिवशी दिले गेले, हा एक विलक्षण योग होय. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथील सत्याग्रह परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. त्यासंबंधीचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण होते. परिषदेच्या त्याच दिवसांत बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना जे सांगितले, त्यात वस्त्राचा विषय होता. जातीची खूण पटविणारी लुगडे नेसण्याची तऱ्हा आणि जातीची ओळख सांगणारे दागिने टाकून द्या, स्वच्छ राहा, असा त्या उपदेशाचा आशय होता. पुढे दिल्लीतल्या अलीपूर रोडवरील ज्या घरात १९५६ साली त्यांचे महानिर्वाण झाले, त्या घरापर्यंतच्या त्यांच्या जीवनप्रवासात त्यांचा स्वतःचा नीटनेटका पोशाखही पुष्कळ काही बोलून गेला. ज्याच्या पूर्वजांवर शतकानुशतके टाकलेले वस्त्र लादले गेले, त्याला नव्या वस्त्राचे मोल कळते. त्याने जुने कापड हातात घेताना क्षणभर थबकावे, यात नवल नाही.

उर्दू लेखिका वाजिदा तबस्सुम यांची 'उतरन' ही कथा प्रसिद्ध आहे. हैदराबादेतील एका नबाबाच्या वाड्यात मालकाच्या मुलीची टाकलेली वस्त्रे अंगावर घालीत वाढलेली दाईची मुलगी त्या अपमानाचा भयंकर सूड घेते, असे तिचे कथानक आहे. कथेतला सूड बाजूला ठेवला तरी वर्षानुवर्षे दुसऱ्याची उतरलेली वस्त्रे नेसून मनात काय साठत जाते, हे ती कथा उघडे करते.

जुन्या दानाचा हा प्रश्न उपनिषत्कालीन ऋषींनाही चुकला नव्हता. कठोपनिषदाचा आरंभच त्याने होतो. नचिकेताच्या पित्याने सर्वस्वदानाचा यज्ञ आरंभिला आणि दक्षिणा म्हणून गाई दिल्या. त्या गाई कशा होत्या? ज्यांचे दूध आटले होते, ज्या आता गवत खाण्याच्या आणि पाणी पिण्याच्याही पलीकडे गेल्या होत्या, अशा. दान मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत, असे आपल्याकडे घेणाऱ्याला बजावीत आले. या कथेत मात्र दात मोजले ते देणाऱ्याच्याच मुलाने. असल्या गाई देणाऱ्याला आनंदाचे लोक मिळणार नाहीत, हे त्या कोवळ्या पोराला दिसले आणि त्याने पित्याला विचारले, 'मला कोणाला देणार?' पित्याने संतापून उत्तर दिले, 'मृत्यूला.' पुढे यमाच्या दारी जे थोर तत्त्वज्ञान उलगडले, त्याची सुरुवात अशी एका भाकड दानापासून झाली.

याच्या शेजारी ख्रिस्ती परंपरेतील एक कथा ठेवून पाहावी. चौथ्या शतकात मार्टिन नावाचा रोमन सैन्यातला एक तरुण कडाक्याच्या हिवाळ्यात आमिआँ नगराच्या वेशीतून जात होता. वेशीत एक उघडा भिकारी कुडकुडत होता. मार्टिनजवळ अंगावरच्या झग्याखेरीज देण्यासारखे काही उरले नव्हते. त्याने तलवारीने तो झगा दुभागला, अर्धा भिकाऱ्याला दिला आणि उरलेला अर्धा स्वतः पांघरला. तो अर्धवट झगा पाहून काही लोक हसले. रात्री स्वप्नात त्याला ख्रिस्त दिसला, तो त्याच अर्ध्या झग्यात. ही हकीकत मार्टिनच्या समकालीन चरित्रकाराने, सुल्पिसियस सेव्हेरस याने, लिहून ठेवली आहे. पुढे ते वस्त्र पूज्य मानले गेले आणि त्याच्या लॅटिन नावावरून 'चॅपेल' हा शब्द युरोपच्या भाषांत रूढ झाला.

मार्टिनने दिलेली वस्तू वापरलेलीच होती, आणि नचिकेताच्या पित्याने दिलेलीही. मग एक दान स्वर्गाला पोचले आणि दुसरे मृत्यूच्या दारी गेले, असे का? पित्याने जे दिले त्याचा त्याला काही उपयोग उरला नव्हता. मार्टिनने दिले ते त्या घटकेला त्याला स्वतःलाही हवे होते. शिवाय त्याने उरलेला अर्धा तुकडा स्वतःच्या अंगावर घेतला, म्हणजे त्या दिवशी भिकारी आणि सैनिक दोघे एकाच कापडात वावरले. जुन्या भेटीची सारी नीती या दोन कथांत सामावलेली आहे.

आता पुन्हा दिल्लीकडे यावे. या शहरात जुन्या वस्तूंचे एक मोठे जग आहे आणि ते पहाटे जागे होते. पश्चिम दिल्लीतल्या रघुबीरनगरात, ज्याला घोडा मंडी म्हणतात तेथे, सूर्य उगवण्यापूर्वीच जुन्या कपड्यांचा बाजार भरतो. तो चालविणाऱ्या बहुतेक स्त्रिया मूळच्या गुजरातेकडील वाघरी समाजाच्या. दिवसभर डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन त्या वसाहती-वसाहतींतून फिरतात आणि जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देतात. महाराष्ट्रात हिलाच आपण बोहारीण म्हणतो. दोन जरीच्या साड्या, एक कोट आणि वर आणखी एक पॅन्ट घातल्याशिवाय तिच्या पाटीतले स्टीलचे पातेले खाली उतरत नाही आणि दुपारच्या वेळी दारात चाललेली ती घासाघीस ज्याने ऐकली नाही असे मराठी बालपण विरळाच. दिल्लीत गोळा झालेले हे कपडे पहाटे मंडीत विकले जातात, तेथून घेणारे ते धुतात, शिवतात, इस्त्री करतात आणि आठवड्याच्या बाजारांतून कमी मिळकतीच्या लोकांना विकतात. जे नेसण्याजोगे राहिलेले नसते त्याच्या चिंध्या होऊन कारखान्यांत यंत्रे पुसण्यासाठी जातात.

या व्यवहारात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बोहारीण कपडा घेते, पण उपकार घेत नाही. ती त्याची किंमत मोजते. तिच्याकडून पुढे विकत घेणाराही निवडतो, उलटून पाहतो, नापसंत असेल तर बाजूला टाकतो. बाजारात जुन्या कपड्याला लाज चिकटत नाही, ती चिकटते दानात. हे ऐकायला कडू आहे, पण त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर, आजच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात, पानिपत आहे. मराठी भाषेत हे गावाचे नाव सर्वनाशाला पर्याय होऊन बसले आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशी आणि थंडीने गारठलेले मराठी सैन्य तेथे लढले. त्याच पानिपतात फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून विणकर येऊन वसले, आणि पुढे त्या गावाने जगभरच्या टाकलेल्या लोकरीच्या कपड्यांतून पुन्हा सूत काढण्यात नाव कमावले. फाटक्या लोकरीपासून सूत करण्याची ही विद्या मूळची इंग्लंडातील यॉर्कशरची. तेथील बॅटली गावच्या बेंजामिन लॉने १८१३ च्या सुमारास ती काढली. पाश्चात्त्य देशांतून आलेली स्वेटरे आणि कोट पानिपतात रंगवार वेगळे केले जातात. त्यांची बटणे काढली जातात, यंत्रात त्यांचे तंतू सुटे केले जातात आणि पुन्हा सूत होऊन त्यांची घोंगडी विणली जातात. रंग वेगवेगळे ठेवल्यामुळे सुताला पुन्हा रंगविण्याची फारशी गरज पडत नाही. भूकंप-महापुरांच्या वेळी मदत संस्था वाटीत आलेली स्वस्त घोंगडी पुष्कळदा पानिपतची असत. अलीकडे कृत्रिम धाग्याच्या मऊ पांघरुणांनी त्या धंद्याचा मोठा भाग व्यापला आहे.

लंडनमध्ये एखाद्या नाताळात नवे म्हणून दिलेले स्वेटर काही हिवाळ्यांनंतर असे पानिपतात येऊन पडते आणि घोंगडे होऊन एखाद्या निराश्रिताच्या अंगावर जाते. त्याचा हा पुनर्जन्म सुखाचा वाटतो. तथापि त्याच्या वाटेवर तंतूंची धूळ श्वासात घेणारे कामगारही उभे आहेत. टाकलेल्या वस्तूचा भार कोणी ना कोणी उचलीतच असतो. टाकणाऱ्याला तो दिसत नाही इतकेच.

हा भार नेमका कसा पडतो, याचे एक दृश्य २००४ साली साऱ्या देशाने पाहिले. नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, त्सुनामीच्या लाटांनी तमिळनाडूचा किनारा उद्ध्वस्त केला. देशभरातून मदतीचा ओघ लागला आणि त्यात जुन्या कपड्यांचे ढीगच्या ढीग आले. पण तेथील कोळी कुटुंबांना जे कपडे घालता येण्यासारखे नव्हते, जे फाटके आणि मळके होते, ते रस्त्याच्या कडेला पडून राहिले. सर्वस्व गमावलेल्या माणसांनी ते घेतले नाहीत. त्यांना कृतघ्न म्हणणे सोपे आहे. परंतु घर वाहून गेले म्हणून माणसाची आवडनिवड आणि लाज वाहून जात नाही, एवढेच त्यांनी दाखवून दिले.

तो कपड्यांचा ढीग वेगळा काढून मार्गी लावण्याचे काम ज्या संस्थांनी अंगावर घेतले, त्यांत दिल्लीची 'गूंज' होती. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये ती सुरू केली, ती घरातल्या कपाटांतून काढलेल्या ६७ कपड्यांनिशी. त्याआधी, पत्रकारितेचा विद्यार्थी असताना, जुन्या दिल्लीत त्यांना एक रिक्षावाला भेटला होता. बेवारस प्रेते उचलून पोलिसांकडे पोचविणे हा त्याचा उद्योग. हिवाळ्यात त्याचे काम वाढत असे. दिल्लीच्या पदपथांवर थंडीने माणसे मरतात, हे वृत्तपत्रांतून दरवर्षी वाचायला मिळते. या तरुणाच्या ध्यानात असे आले की, थंडी तर सर्वांनाच सारखी असते. जो मरतो तो थंडीपेक्षा अंगावरच्या वस्त्राच्या अभावाने मरतो. भूकंप आणि पूर यांना आपण आपत्ती म्हणतो. दर वर्षी ठरल्या वेळी येणारी ही आपत्ती मात्र कोणाच्या हिशेबात नसते.

गूंजचे वैशिष्ट्य ती कपडे गोळा करते यात नाही, तसे गोळा करणारे पुष्कळ आहेत. आलेला प्रत्येक कपडा तेथे उलगडून पाहिला जातो. कोणत्या प्रदेशातले लोक काय नेसतात, कोठे थंडी आहे, कुटुंबात माणसे किती, याचा विचार करून गाठोडी बांधली जातात. परकराला नाडी नसेल तर तो परकर कुचकामी आहे आणि बटणे तुटलेला सदरा देणे म्हणजे घेणाऱ्यावर बटणांचा खर्च टाकणे आहे, इतक्या बारकाव्यापर्यंत हा विचार पोचतो. जे नेसण्याजोगे नसेल, त्या सुती कापडाच्या स्त्रियांना मासिक धर्माच्या दिवसांत उपयोगी पडणाऱ्या पट्ट्या होतात. या विषयावर उघडपणे कोणी बोलत नसताना त्या संस्थेने तो बोलण्याजोगा केला. उरल्या तुकड्यांच्या सुजनी, म्हणजे आपल्याकडच्या गोधड्यांच्या बहिणी, शिवल्या जातात.

पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. खेड्यांत ही गाठोडी फुकट वाटली जात नाहीत. गावकरी एकत्र बसून गावाची एखादी नड ठरवितात. कोठे विहीर खणायची असते, कोठे तळ्यातला गाळ काढायचा असतो, कोठे ओढ्यावर बांबूचा पूल बांधायचा असतो. ते काम ते श्रमदानाने पुरे करतात आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपड्यांचे गाठोडे घेतात. त्यामुळे ते वस्त्र घरी येते ते कमाई म्हणून. बोहारणीच्या पाटीत जो स्वाभिमान होता, तो येथे दानाच्या व्यवहारात आणला गेला. २०१५ साली अंशू गुप्ता यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यामागे ही दृष्टी होती.

याचा अर्थ असा मुळीच नाही की, नाताळची भेट देताना समोरच्याकडून एखादे तळे खणून घ्यावे. भेट आणि मोबदला या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भेटीतला निर्हेतुकपणा जपलाच पाहिजे. घ्यावयाचा बोध एवढाच की, जुनी वस्तू देताना देणाऱ्यालाही काही श्रम पडले पाहिजेत. नवी वस्तू पैशाने विकत घेता येते. जुन्या वस्तूला भेटीची योग्यता आणावयाची तर वेळ द्यावा लागतो. तिची धुलाई, तिची शिवण, तिची डागडुजी, आणि त्याहीपेक्षा घेणाऱ्याचे माप, आवड आणि गरज यांचा विचार हीच तिची किंमत होय. एवढे श्रम घेण्याची तयारी नसेल तर वस्तू खुशाल बोहारणीला द्यावी. तेथे निदान खोटेपणा नाही. घरातली अडगळ कमी करण्याच्या आनंदाला औदार्याचे नाव देणे मात्र टाळावे.

दुसरी कसोटी घेणाऱ्याच्या बाजूची आहे. ज्याला 'नको' म्हणता येते, त्यालाच मनापासून 'हो' म्हणता येते. मालकिणीने पुढे केलेले स्वेटर मोलकरणीला नाकारता येत नाही, कारण त्यात उद्याच्या कामाची काळजी गुंतलेली असते. म्हणून तिला वस्तू दाखवून, 'तुला उपयोगी असेल तर घे, नसेल तर राहू दे,' असे म्हणणे आणि तिने ती ठेवली तर मनात राग न धरणे, हा त्या भेटीचाच भाग समजला पाहिजे. आणि सणाच्या दिवशी तिच्या हक्काची जी बक्षिसी असेल, ती जुन्या वस्तूत वळती करू नये. देणे आणि देणगी यांची गल्लत झाली की दोन्ही नासतात.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, आणि कदाचित सर्वांत परिणामकारक. जुन्या वस्तूंची भेट आधी बरोबरीच्यांना आणि वडीलधाऱ्यांना द्यावी, आणि त्यांच्याकडून घ्यावी. ज्याच्या घरी कशाची उणीव नाही अशा मित्राला नाताळात एखादे वाचलेले पुस्तक द्यावे. पुस्तकाच्या बाबतीत तर हे फार अवघडही नाही. दर्यागंजच्या पदपथावर कित्येक दशके दर रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरत असे. २०१९ मध्ये तो दिल्ली दरवाज्याजवळच्या महिला हाटच्या आवारात हलला. तेथे प्राध्यापक आणि विद्यार्थी, अधिकारी आणि कारकून एकाच ढिगाऱ्यापुढे वाकलेले दिसतात आणि दुसऱ्याने वापरलेले पुस्तक विकत घेताना कोणालाही कमीपणा वाटत नाही. उलट पहिल्या पानावरचे अनोळखी नाव, समासातली पेन्सिलीची खूण, पानांत विसरलेले वाळके फूल यांमुळे ते पुस्तक अधिक आपले वाटते. जे पुस्तकाला साधले ते स्वेटराला का साधू नये?

कारण उघड आहे. पुस्तके वरच्या आणि खालच्या, साऱ्याच हातांतून फिरली, म्हणून ती निष्कलंक राहिली. कपडे मात्र केवळ खालच्या दिशेने गेले, म्हणून त्यांच्यावर डाग पडला. तो डाग नुसत्या उपदेशाने धुतला जाणार नाही. कचेरीतल्या नाताळच्या खेळात साहेबाच्या नावाची चिठ्ठी ज्याला निघाली, त्याने आपल्याकडची एक उत्तम जुनी शाल स्वच्छ करून दिली आणि साहेबाने ती दुसऱ्या दिवशी पांघरून कचेरीत आणली, तर त्या दिवशी जुन्या वस्त्राच्या माथ्यावरची पायरीची खूण थोडी पुसली जाईल. ज्या घरातली माणसे स्वतः एकमेकांच्या जुन्या वस्तू आनंदाने वापरतात, त्या घरातून बाहेर जाणारी जुनी वस्तू अपमान घेऊन जात नाही. मार्टिनने उरलेला अर्धा झगा स्वतः पांघरला होता, हे येथे पुन्हा आठवावे.

दिल्लीत नाताळच्या रात्री पारा बहुधा एक आकडी उतरतो. कॅथीड्रलमधली प्रार्थना आटोपून लोक धुक्यातून घरी परततात, आणि रघुबीरनगरच्या मंडीत पहाटेच्या बाजारासाठी गाठोडी सोडली जाऊ लागतात. त्या सुमारास कोणाच्या तरी घरी कागदात गुंडाळलेले एक स्वेटर उघडले जावे. ते नवे नसावे, पण धुतलेले असावे. त्याची सारी बटणे जागच्या जागी असावीत, कोपराजवळ विरलेली वीण कोणी तरी बसून पुन्हा विणलेली असावी. सोबतच्या चिठ्ठीत ते कोणी विणले, कोणी किती हिवाळे घातले आणि आता ते याच माणसाला का द्यावेसे वाटले, हे चार ओळींत लिहिलेले असावे. आणि तसेच एक स्वेटर, दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावरून आलेले, देणाऱ्यानेही त्या रात्री घातलेले असावे.